मुखपृष्ठाचे वकीलपत्र घेऊ नका

वाचकाचे पत्र, संक्षेपाने

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात राहणाऱ्या आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कॉलेजात असल्यापासून त्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत गोष्ट रंगवण्याचे खेळ, खेळतात. गेली काही वर्षे रविवारी दुपारी त्यांच्याच घरी मित्रमैत्रिणींचा खेळ रंगत असे, आणि तो चालवणारा 'डीएम' (डंजन मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार) म्हणजे त्या स्वतःच. परदेशी निघालेल्या एका मित्राकडून त्यांनी या खेळांच्या जुन्या पुस्तकांचा अख्खा गठ्ठा विकत घेतला. त्यांतील बऱ्याच पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जेमतेम वस्त्रांतल्या स्त्रिया आहेत. एका सकाळी असे एक पुस्तक जेवणाच्या टेबलावर राहून गेले. सासऱ्यांबरोबर जॉगिंग ट्रॅकवरून चहाला आलेल्या स्नेह्यांपैकी एकांनी ते हातात घेतले, पाहिले आणि पालथे करून ठेवले. त्यावर कोणी काही बोलले नाही. सासरे निवृत्त इतिहास शिक्षक आहेत, त्यांनीही नंतर विषय काढला नाही. तेव्हापासून पुस्तके दिवाणाच्या कप्प्यात रजयांखाली गेली आणि खेळ इंदिरानगरला एका अविवाहित मित्राच्या फ्लॅटवर हलला. यजमान म्हणतात, "ज्याला खुपते त्याने बघू नये." खेळातले मित्र म्हणतात, ही कला आहे, त्यात लाजायचे काय? आता नणंदेचा तेरा वर्षांचा मुलगा सुट्टीत राहायला येणार आहे आणि "मामी, मला शिकव" म्हणून फोनवर मागे लागला आहे. "पुस्तके विकून टाकू, खेळ सोडू, की घरच्यांना एकदाचे ठणकावून सांगू? खरे तर ती चित्रे मलाही आवडत नाहीत, पण तसे कबूल करणे म्हणजे खेळाशी बेईमानी वाटते," असे त्या लिहितात. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे: "मध्यंतरी एक नवी मुलगी एकदा खेळायला आली होती, ती पुन्हा आली नाही, पण तो वेगळा विषय."

उत्तर

तुमच्या पत्रात त्या सकाळी घडलेली गोष्ट एवढीच आहे की एका वयस्कर गृहस्थांनी पुस्तक उचलले आणि पालथे ठेवले. त्यांना काय वाटले, अण्णांना (सासऱ्यांना मी इथे अण्णा म्हणतो) काय वाटले, मित्रमंडळींत नंतर काय बोलणे झाले, याबद्दल पत्रात एकही प्रत्यक्ष वाक्य नाही. तरीही त्या एका हालचालीवरून तुम्ही पुस्तके रजयांखाली घातलीत आणि खेळाचे बिऱ्हाड इंदिरानगरला नेलेत. पुस्तक पालथे ठेवणे हा निषेध असू शकतो, हे मी नाकारत नाही. पण आपल्याकडच्या त्या पिढीतील माणूस दुसऱ्याच्या घरी असे काही दृष्टीस पडले तर यजमानीण ओशाळू नये म्हणूनही तसेच करतो, आणि ती बरेचदा निव्वळ सभ्यता असते. या दोहोंपैकी खरे काय ते विचारल्यावाचून कळणार नाही. तुम्ही मात्र न विचारताच शिक्षा ठरवलीत, आणि ती स्वतःच भोगत आहात.

त्याहून महत्त्वाची वाटते ती तुमची 'बेईमानी'ची भावना, आणि माझ्या मते गुंत्याचे मूळ तिथेच आहे. तुमच्या यजमानांनी, मित्रांनी आणि तुम्हीही असे गृहीत धरले आहे की या प्रकरणात दोनच बाजू आहेत: एक चित्राची तरफदारी करणारी आणि दुसरी चित्रामुळे खेळालाच नाके मुरडणारी. खेळ आवडतो म्हणजे पहिल्या बाजूला उभे राहिलेच पाहिजे. हे असे का? ते मुखपृष्ठ तुम्ही काढलेले नाही, निवडलेले नाही, आणि पुस्तक घेतलेत तेही त्यासाठी नाही. लग्नाबरोबर आलेल्या एखाद्या लांबच्या नातेवाइकासारखे ते पुस्तकाबरोबर आले आहे. त्याचे गोडवे गाण्याची सक्ती तुमच्यावर नाही, तसेच त्याच्यापायी घर सोडण्याचेही कारण नाही. तुम्ही त्या चित्राचे वकीलपत्र घेतले आहे ते खाली ठेवा, म्हणजे बाकीचे प्रश्न बरेच लहान होतील.

ही चित्रे आली कुठून, हे थोडे विस्ताराने सांगतो. तुम्हाला यातले बरेच ठाऊक असेल, पण ज्यांच्या घरी असाच पेच आहे आणि ज्यांना हा खेळ काय ते माहीत नाही अशा वाचकांना ते उपयोगी पडेल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारचा पहिला छापील खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून बाहेर काढला. खेळाडू कागदावर एकेक पात्र तयार करतात, एक जण प्रसंग उभा करतो, बाकीचे आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासा टाकला जातो. वीस पैलूंचा फासा ही तर या खेळाची ओळखच झाली आहे. खेळ घडतो तो बोलण्यातून. त्याला पट लागतोच असे नाही आणि चित्र तर मुळीच लागत नाही. सुरुवातीच्या काळातील ग्राहक मात्र बहुतांशी तरुण मुलगे होते आणि मुखपृष्ठांनी नमुना उचलला तो अमेरिकेतील स्वस्त कथामासिकांचा. 1930च्या दशकात 'विअर्ड टेल्स' या मासिकावर मार्गारेट ब्रुंडेज नावाच्या चित्रकर्तीने रंगीत खडूंनी काढलेल्या अर्धनग्न स्त्रिया झळकत. मासिकाच्या दुकानात दहा अंकांच्या गर्दीत आपला अंक उठून दिसावा, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे 1966 साली फ्रँक फ्रझेटा याने कॉनन या रानटी योद्ध्याच्या कथांच्या नव्या आवृत्तीसाठी मुखपृष्ठ काढले. त्यात नायक ताठ उभा आहे आणि एक स्त्री त्याच्या पायाला बिलगली आहे. तीच मांडणी पुढची कित्येक वर्षे गिरवली गेली. खुद्द डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 1976 सालच्या एका पुरवणी पुस्तिकेवर वेदीवर पडलेली विवस्त्र स्त्री आहे.

या इतिहासात एक विनोदही आहे, आणि तो तुमच्या मित्रांनी लक्षात घ्यावा असा आहे. 1980च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठी ओरड झाली. धर्मनिष्ठ पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या, मुले सैतानाच्या नादी लागतात असे आरोप झाले, आणि त्याचा परिणाम म्हणून 1989 साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीतून राक्षस-सैतानांची नावे काढून त्यांना नवी, अनोळखी नावे देण्यात आली. तोकड्या वस्त्रांतल्या स्त्रिया मात्र मुखपृष्ठांवरून हटल्या नाहीत, कारण आरडाओरड करणाऱ्यांचे मुख्य दुखणे त्या नव्हत्याच. पुढे 2000 साली मूळ नियम इतरांनाही वापरता येतील असा खुला परवाना दिला गेला, तेव्हा लहान प्रकाशकांची एकच झुंबड उडाली आणि त्यांच्यातील काहींनी आत अभ्यासपूर्ण, थोडासा रूक्षच म्हणावा असा मजकूर आणि वर गळाला लावलेले आमिष असा प्रकार राजरोस केला. तुमच्या गठ्ठ्यातील बरीच पुस्तके याच काळातील असावीत असे वर्णनावरून वाटते. 2003 साली एका प्रकाशकाने थेट शृंगारविषयक पुस्तक जाहीर केले, त्यानंतर मूळ कंपनीने आपले बोधचिन्ह वापरण्याच्या अटींत सभ्यतेची अट घातली. म्हणजे या चित्रांबद्दलची अस्वस्थता गंगापूर रोडवरच्या जेवणघरात जन्माला आलेली नाही, खेळ विकणाऱ्यांनाही ती होतीच. 2014 नंतरच्या आवृत्त्यांची मुखपृष्ठे पाहिलीत तर फरक डोळ्यांत भरतो. तिथल्या स्त्रिया लढताना दिसतात, मांडून ठेवल्यासारख्या दिसत नाहीत.

आता 'ही कला आहे' या युक्तिवादाविषयी. त्याच्या मागोमाग हटकून खजुराहो येते आणि मग 'आपली संस्कृती किती मोकळी होती' हे भाषण येते. मला हा युक्तिवाद आळशी वाटतो. एखादे चित्र कला आहे म्हणून ते जेवणाच्या टेबलावर शोभतेच असे नाही, आणि ते टेबलावर शोभत नाही म्हणून ते कला नाही असेही नाही. मराठी घरांनी हा व्यवहार पूर्वीपासून शहाणपणाने केलेला आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या दिवाळी अंकांवरील सुंदरी बैठकीच्या खोलीत उघड्यावर मिरवत. 'आवाज'च्या खिडकीचित्रांची गोष्ट निराळी होती. खिडकीतून पाहावे तर भलतेच काही दिसावे आणि पान उलटले की आत अगदी साळसूद प्रसंग निघावा, ही त्यांतली गंमत. तो अंक पुष्कळ घरांत येई, वाचला जाई, आणि पाहुणे आले की इतर अंकांच्या खाली सरके. त्यापायी कोणी दिवाळी अंक घेणे बंद केल्याचे मी ऐकलेले नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांचे आहे. 1927 ते 1953 अशी दीर्घकाळ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवताना त्यांनी मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र छापले ते जाणूनबुजून, कारण नग्नतेबद्दलची भीती घालवणे हा त्यांच्या कार्याचाच भाग होता. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या वतीने न्यायालयात उभे राहिले. (तो खटला मुखपृष्ठावरून नव्हता, वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. आज हे सदर लिहिताना मला त्याची आठवण असते.) कर्व्यांचे मुखपृष्ठ हे त्यांचे मत होते आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. तुमच्या गठ्ठ्यातील मुखपृष्ठ हे तुमचे मत नाही, ते वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका परक्या दुकानदारीचे अवशेष आहेत. त्यासाठी घरात खटला लढवण्याचे तुम्हाला काही कारण नाही.

तुम्हाला ती चित्रे का आवडत नाहीत, याचाही नीट शोध घ्या, कारण 'घरच्यांना चालत नाही' आणि 'मला पटत नाही' ही दोन कारणे तुमच्या पत्रात एकमेकांत मिसळली आहेत. त्या सकाळच्या पुस्तकाचे तुम्ही जे वर्णन केले आहे ते मी पुन्हा वाचले. बर्फाळ खिंड आहे. पुढे दाढीवाला योद्धा आहे, त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर अस्वलाचे कातडे, हातांत लोकरीचे मोजे. शेजारी तलवार उगारलेली स्त्री आहे, आणि तिच्या अंगावर लोखंडी कड्यांचे दोन तुकडे. त्याच वाऱ्यात ती उभी आहे, तिच्यावरही बाणच येणार आहेत, पण तिच्या पोटाचे रक्षण करावे असे चित्रकाराला वाटलेले नाही. खेळाडूंमध्ये या 'लोखंडी बिकिनी'ची थट्टा जुनी आहे. इथे आक्षेप अंग किती उघडे आहे याला नसून, दोघे एकाच लढाईत असताना एकालाच लढवय्या मानले आहे, याला आहे. असा आक्षेप घेणारी व्यक्ती सोवळी ठरत नाही. उलट, खेळात स्वतः स्त्री योद्ध्याचे पात्र चालवणाऱ्या माणसालाच तो सर्वांत आधी सुचायला हवा. याच निकषाने गठ्ठा पुन्हा चाळलात तर काही चित्रे तुम्हाला कदाचित आवडतीलही. एखादी चेटकीण कमी कपड्यांतही दिमाखात, स्वतःच्या मर्जीने उभी असते. अण्णांच्या आणि तुमच्या नापसंतीची यादी सारखी निघणार नाही, आणि ते ठीकच आहे.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. नवी मुलगी एकदा आली, पुन्हा आली नाही, 'पण तो वेगळा विषय' असे तुम्ही लिहिले आहे. मला तो वेगळा विषय वाटत नाही. तुम्ही खेळ अशा जागी नेलात जिथे कोणी वडीलधारे नाही, कोणी पुस्तक पालथे ठेवणार नाही, आणि म्हणून कोणाला संकोच होणार नाही असे धरून चाललात. त्या फ्लॅटवर पुस्तके टेबलभर उघडी पसरलेली असणार. ओळखीचे मित्र त्यांवर सवयीचे विनोदही करत असणार. तुमच्या कानांना ते आता ऐकूही येत नसतील. अनोळखी मुलांच्या घोळक्यात पहिल्यांदाच आलेल्या मुलीला ते कसे दिसले असेल, याचा विचार करा. ती कदाचित नोकरीमुळे आली नसेल, तिला खेळच रटाळ वाटला असेल, इंदिरानगर लांब पडत असेल. मी तिच्या वतीने काही ठरवत नाही. पण ज्यांची नापसंती तुम्हाला छळते आहे ते आजोबा चहा पिऊन आपल्या घरी गेले, आणि जिच्या मताने तुमचा खेळ बदलायला हवा होता तिला कोणी विचारलेच नाही. तिला एक साधा निरोप पाठवा: "त्या दिवशी आमच्याकडे काही खटकले असेल तर सांग, मला समजून घ्यायचे आहे, नाही सांगितलेस तरी हरकत नाही." उत्तर आले नाही तर पुन्हा पाठवू नका. आणि मित्रांना 'ही कला आहे' म्हणण्यापूर्वी टेबलाभोवती कोण कोण बसले आहे ते पाहायला सांगा.

पुस्तकांचे काय करायचे, हे तुलनेने सोपे आहे. रद्दीत घालू नका. यांतील पुष्कळ पुस्तके आता छापली जात नाहीत आणि जाणकार ग्राहक ती आनंदाने घेतो, तेव्हा नकोशी झालेली विकून टाकायला माझी हरकत नाही. मात्र विकायची ती लाजेपोटी नको, उपयोग नाही म्हणून विका. मुखपृष्ठ फाडण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाका, कारण पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकाचा पुठ्ठा ओढला की शिवण सैल होते आणि पाने सुटू लागतात. दिवाणातून ती आधी बाहेर काढा. नाशिकचा पावसाळा दमट असतो आणि रजयांखाली कोंडलेल्या गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते. या व्यावहारिक कारणाहून मोठे कारण असे की लपवलेली वस्तू सापडली की तिच्याबद्दल कोणी काही बोलण्याआधीच तुमचा कबुलीजबाब होऊन बसतो.

सरळ कव्हर घाला. शाळा सुरू होताना वह्या-पुस्तकांना घालतो तोच खाकी कागद, जाडसर पाहून घेतलेला. फक्त चिकटपट्टी पुस्तकाला लावू नका. कागद दोन्ही बाजूंना चार बोटे आत दुमडा आणि चिकटवायचे ते कागदालाच कागद चिकटवा, म्हणजे कव्हर हवे तेव्हा काढता येईल. कण्यावर पुस्तकाचे नाव ठळक देवनागरीत लिहा. हौस असेल तर तुमच्या कॅम्पेनचा, म्हणजे अनेक रविवार चालणाऱ्या सलग कथेचा, नकाशा छापून त्याचेच वेष्टन करा. टेबलावर ते चित्रापेक्षा छान दिसेल. हा ढोंगीपणा झाला का, असे तुम्ही विचाराल. मला तसे वाटत नाही. रजयांखाली ठेवलेले पुस्तक 'हे अस्तित्वातच नाही' असे सांगत असते. कव्हर घातलेले पुस्तक फडताळात सर्वांसमोर उभे असते, कोणी विचारले तर हातात देता येते, आणि त्यावर काय आहे तेही सांगता येते.

शिवाय दर रविवारी ही जुनी पुस्तके टेबलावर हवीतच का, हेही पाहा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या, म्हणजे 2014 सालच्या, आवृत्तीचा मूळ नियमसंच 2023च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आहे. श्रेयनिर्देश ठेवून तो कोणीही छापू आणि वाटू शकतो. झेरॉक्सच्या दुकानात त्यातले हवे तेवढे भाग छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतलेत तर खेळाडूंच्या हातात चित्रांविना असलेली, बिनधास्त चहा सांडता येईल अशी प्रत राहील. त्याबरोबर कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद), पेन्सिली आणि फासे एवढे पुरते. जुन्या आवृत्तीवरच तुमचा जीव असेल तर तिचे नियम तुम्हाला बहुधा पाठच असतील. पुस्तक पडद्याआड, तुमच्या बाजूला राहू द्या. डीएमच्या टिपा खेळाडूंना दिसू नयेत म्हणून त्याच्यापुढे पडदा उभा असतोच.

अण्णांशी बोलणे मात्र टाळू नका, आणि ते ठणकावून तर मुळीच नको. ज्यांनी तुम्हाला काहीच म्हटलेले नाही त्यांना ठणकावणार कशाबद्दल? संध्याकाळी ते निवांत असताना दोन-तीन वाक्यांत सांगा: "अण्णा, त्या दिवशी टेबलावर राहिले ते पुस्तक आमच्या रविवारच्या खेळाचे होते. वरचे चित्र मलाही आवडत नाही, पण आतले नियम आमच्या कामाचे आहेत. आता कव्हरे घातली आहेत. तुमच्या मित्रांसमोर तुम्हाला अवघडल्यासारखे झाले असेल तर वाईट वाटते." यात खोटे काही नाही, क्षमायाचना आहे ती फक्त त्यांना झालेल्या अडचणीपुरती आहे, आणि खेळाबद्दल एका अक्षराचीही माघार नाही. यजमानांना या वेळी सोबत बसवा. 'ज्याला खुपते त्याने बघू नये' हे वाक्य मुलाच्या तोंडी बेफिकिरीचे ठरते, सुनेच्या तोंडी उद्धटपणाचे ठरेल. हा हिशेब अन्यायाचा आहे, पण आपल्या घरांत तो अजून चालतो आणि तो त्यांना कळायला हवा. बोलण्याचा भार तुम्ही एकट्याने का उचलावा?

अण्णा इतिहासाचे शिक्षक होते, ही तुमच्या खेळाच्या दृष्टीने मोठीच जमेची बाजू आहे. दिंडोरीच्या वाटेवरच्या रामशेज किल्ल्याने 1682 पासून औरंगजेबाच्या सैन्याला कित्येक वर्षे झुंजवले. किल्ल्यावर लोखंड नव्हते म्हणून लाकडाच्या तोफा करून त्या डागल्या, अशी आख्यायिका सांगतात. वेढा, संपत चाललेली रसद, फितुरीची भीती, रात्रीच्या अंधारात कड्यावरून शिधा वर चढवण्याची धडपड: कॅम्पेनला आणखी काय लागते? किल्ल्याला पाण्याची टाकी कुठे असत, मोर्चे कसे लावत, किल्लेदाराच्या हाताखाली कोण कोण असे, हे त्यांना विचारा. ते सांगू लागले तर लिहून घ्या आणि खरोखर वापरा. मात्र ही युक्ती म्हणून करू नका. त्यांना रस नसेल तर ते दोन मिनिटांत वर्तमानपत्र उघडतील आणि तुम्ही ते मनाला लावून घ्यायचे नाही. खेळ त्यांना आवडलाच पाहिजे असे नाही. खेळ काय आहे ते त्यांना ठाऊक असले, तर रविवारी दुपारी त्यांच्या बैठकीतून येणाऱ्या फाशांच्या आवाजाचा त्यांना संशय येणार नाही. आणि सारे ऐकूनही 'असली पुस्तके माझ्या घरात नकोत' असेच ते म्हणाले, तर नेमकी कोणती पुस्तके ते विचारा. सगळी नव्हे, एखाददुसरेच पुस्तक अडचणीचे आहे, असे बहुतेक वेळा निघते. तेवढे मित्राकडे ठेवून बाकीचा खेळ घरी आणता येईल.

घर सोडून इतरत्र हाच संकोच असणाऱ्यांची पत्रेही अधूनमधून येतात: पंचवटी एक्स्प्रेसमध्ये रोज मुंबई गाठणारे आणि गाडीत वाचू पाहणारे, वसतिगृहात राहणारी मुले, कॉमिक्स आणि कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांनी अवघडणारे. त्यांनाही कव्हराचाच उपाय पुरेल. नवी खरेदी करताना पर्यायी मुखपृष्ठाची आवृत्ती आहे का ते पाहावे, आणि जुना गठ्ठा घेण्यापूर्वी विकणाऱ्याकडून प्रत्येक मुखपृष्ठाचे छायाचित्र मागवून घ्यावे.

राहिला भाचा. तेरा वर्षांच्या मुलाला हा खेळ जरूर शिकवा. मोठ्याने वाचणे, बेरीज-वजाबाकी, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत थांबणे, हे सारे त्यात आपसूक येते. त्याच्या मोबाइलवर याहून कितीतरी भयंकर चित्रे येत असतील, हे खरे असले तरी ते तुमचे समर्थन होऊ शकत नाही, कारण मोबाइल त्याच्या आईवडिलांनी दिला आहे आणि पुस्तक तुम्ही देणार आहात. त्याच्यासाठी स्पायरलची प्रत ठेवा, आणि गठ्ठ्यातील एखादे चित्र त्याच्या दृष्टीस पडलेच तर गडबडून ते ओढून घेऊ नका. "एवढ्या बर्फात हिने असे कपडे का घातले असतील?" असे त्यालाच विचारा. मुले या प्रश्नावर हसतात आणि मग त्यांचे स्वतःचे पात्र चिलखत मागू लागते. पण हे सारे नंतर. त्याला होकार देण्याआधी नणंदेला फोन करा, खेळ काय आहे, कोण कोण असते, पुस्तकांवर काय आहे हे सारे तिला तुमच्याच तोंडून कळू द्या, आणि ती नको म्हणाली तर या सुट्टीपुरते ते मान्य करा.